नाडी आधी सांगते

टपरीवरच्या कटिंग चहाएवढे, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर रक्त जठरात सांडले तरी शौचाचा रंग बदलायला ते पुरते. जठरातले आम्ल आणि आतड्यातले जीवाणू त्या रक्ताचे रूप पार पालटून टाकतात. बाहेर पडते ते डांबरासारखे काळे आणि चिकट असते, आणि त्याचा उग्र दर्प एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर बेडपॅनवरचे झाकण उघडण्याआधीच तो वास ओळखतात. वैद्यकशास्त्रात याला ‘मेलेना’ म्हणतात. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही काळी शौच होते, पण तिला हा चिकटपणा आणि हा दर्प नसतो. त्यामुळे ‘काळी झाली’ एवढे ऐकून न थांबता ती प्रत्यक्ष पाहणे, हा शुश्रूषेचा पहिला धडा ठरतो.

समजा, एका जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात एकाच संध्याकाळी दोन रुग्ण आले. पहिला २६ वर्षांचा तरुण. लग्नाच्या पंगतीतले काहीतरी बाधले, दुपारपासून उलट्या लागल्या आणि चौथ्या उलटीत लाल रक्त दिसले. शर्टावर डाग, सोबत आठ-दहा माणसे, आईच्या तोंडचे पाणी पळालेले. दुसरे ६४ वर्षांचे शेतकरी काका. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या महिनाभर चालू. बीपीची गोळी तर कित्येक वर्षांची. सकाळपासून दोनदा काळी शौच झाली आणि दुपारी संडासात घेरी येऊन पडले. आता खाटेवर शांत बसून आहेत. ‘थोडा अशक्तपणा वाटतोय, बाकी काही नाही,’ म्हणतात.

वॉर्डात सिस्टर एकच. तिने आधी कोणाकडे जायचे?

लाल रक्त आणि रडारड तरुणाच्या खाटेजवळ आहे. धोका काकांच्या खाटेवर आहे. हे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावे लागते. जोखीम मोजून तिच्या प्रमाणात देखरेख आणि तयारी ठरवायची, या पद्धतीला जोखमीनुसार शुश्रूषा म्हणतात. तीसेक खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला एक-दोनच सिस्टर असणे महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत नवलाचे नाही. अशा ठिकाणी प्रत्येक खाटेला सारखा वेळ वाटला, तर ज्याला तो सर्वांत जास्त हवा त्याच्याच वाट्याला कमी येतो.

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग एवढ्या पट्ट्यातल्या रक्तस्रावाला ‘वरच्या पचनमार्गातला रक्तस्राव’ म्हणतात. या पट्ट्याची हद्द एका बारीक स्नायुबंधावर संपते. बोहेमियाचे शरीररचनातज्ज्ञ ट्राइट्झ यांनी १८५३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या भागातून रक्त येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जठरातला किंवा त्यालगतच्या आतड्यातला अल्सर. अल्सरची दोन मोठी मुळे आहेत. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू. तो शोधून काढल्याबद्दल पर्थचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. दुसरे मूळ वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारखी औषधे वेदना कमी करताना जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी रसायनेही अडवतात. काकांच्या गुडघ्याचा आणि काळ्या शौचेचा संबंध इथे जुळतो. तरुणाच्या बाबतीत बहुधा जोराच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी अस्तराला चीर गेली असावी. मॅलरी आणि वाइस या बोस्टनच्या डॉक्टरांनी १९२९ मध्ये या दुखापतीचे वर्णन केले. अशी चीर बहुतेक वेळा आपोआप भरून येते.

जोखीम मोजण्याचे सर्वाधिक वापरले जाणारे माप ग्लासगो शहरातून आले. ऑलिव्हर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम स्कॉटलंडमधल्या १,७४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता: दुर्बिणीची तपासणी होण्याआधीच, दारात आलेल्या रुग्णाला रक्त किंवा तातडीचे उपचार लागणार की नाही, हे सांगता येईल का? २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची गुणपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात आठ गोष्टी आहेत: रक्तातल्या युरियाची पातळी, हिमोग्लोबिन, वरचा रक्तदाब, नाडी, काळी शौच, घेरी येऊन पडणे, यकृताचा आजार आणि हृदय कमकुवत असणे. गुण शून्यापासून २३ पर्यंत. रक्ताचे दोन अहवाल सोडले, तर उरलेल्या सहा गोष्टी रुग्णाच्या उशाशी बसून, विचारून आणि मोजून कळतात. म्हणजे हे माप बरेचसे सिस्टरच्या हातातले आहे.

आता दोघांना ते लावून पाहू. तरुणाचे हिमोग्लोबिन १४.५, नाडी ९२, रक्तदाब १२४/८०. काळी शौच नाही, घेरी नाही, जुना आजार नाही. युरियाही नेहमीच्या मर्यादेत. त्याचे गुण शून्य. काकांचे हिमोग्लोबिन ११.२, त्याचे ३ गुण. युरिया ६६, त्याचे ४. वरचा रक्तदाब १०८, त्याचा १. काळ्या शौचेचा १, घेरीचे २. नाडी ८४ म्हणून तिचा गुण नाही. बेरीज ११.

शून्य गुणांच्या रुग्णांचे काय होते, हे २००९ मध्ये ब्रिटनमध्ये तपासले गेले. चार रुग्णालयांत आलेल्या ६७६ रुग्णांपैकी १०५ जणांचे गुण शून्य होते. त्यांच्यातल्या कोणालाही रक्त, दुर्बिणीतून उपचार किंवा शस्त्रक्रिया लागली नाही, कोणी दगावलेही नाही. आज युरोप आणि अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटना शून्य किंवा एक गुण असलेल्या रुग्णाला नीट समजावून घरी पाठवायला हरकत नाही, असे सांगतात. आपल्या तरुणाला सलाईन लावून, काही तास नजरेखाली ठेवून, पुन्हा रक्त दिसले तर लगेच यायला बजावून सोडता येईल. त्याच्या आईशी दोन मिनिटे शांतपणे बोलणे हाही त्याच्या शुश्रूषेचाच भाग आहे.

या गुणांत एक खड्डा आहे आणि तो आपल्याकडे विशेष जपायला हवा. ब्लॅचफर्ड पद्धतीच्या अनेक तक्त्यांत ‘ब्लड युरिया नायट्रोजन’चे आकडे असतात, तर आपल्या बहुतेक प्रयोगशाळांच्या कागदावर ‘ब्लड युरिया’ लिहिलेला असतो. दुसऱ्यावरून पहिला काढायला २.१४ ने भागावे लागते. तरुणाचा युरिया ३० होता. भागल्यावर तो १४ होतो आणि गुण शून्य. भागायचे राहून गेले, तर तेच ३० तक्त्यात ४ गुणांच्या रकान्यात बसतात आणि घरी जाऊ शकणारा मुलगा विनाकारण खाट अडवतो. युरियाला एवढे महत्त्व का, तेही समजून घेण्यासारखे आहे. आतड्यात सांडलेले रक्त म्हणजे शरीराच्या लेखी प्रथिनांनी भरलेले जेवणच. ते पचते, शोषले जाते आणि यकृतात त्याचा युरिया बनतो. त्यात रक्त कमी झाल्याने मूत्रपिंडाकडचा ओघही घटतो. म्हणून वरच्या भागात रक्तस्राव झाला की युरिया चढतो.

हिमोग्लोबिन मात्र पहिल्या काही तासांत फसवते. रक्त वाहून जाते तेव्हा तांबड्या पेशी आणि पाणी दोन्ही एकाच प्रमाणात जातात. उरलेल्या रक्ताची दाटी तीच राहते, त्यामुळे आकडाही जवळपास तोच राहतो. पुढे ऊतींमधले पाणी रक्तवाहिन्यांत ओढले जाते, सलाईन चढते, रक्त पातळ होते आणि मग आकडा घसरतो. यात काही तास जातात, कधी पूर्ण दिवस. ‘एचबी अकरा आहे, घाबरायचे कारण नाही’ हे वाक्य संध्याकाळी खरे वाटते आणि सकाळी खोटे ठरते.

रक्तदाबही उशिराच बोलतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले ७५० मिलिलिटरपर्यंत गेले तरी बाहेरून फारसे जाणवत नाही. ७५० ते १,५०० मिलिलिटरच्या टप्प्यात हृदय वेगाने धावते, हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तळवे गार पडतात. या साऱ्या धडपडीमुळे वरचा रक्तदाब बऱ्याचदा टिकून राहतो. तो कोसळतो तेव्हा शरीराच्या हातातली साधने संपत आलेली असतात. म्हणून प्रशिक्षित सिस्टर आधी नाडीवर बोट ठेवते, हाताचा गारवा पाहते, श्वास मोजते.

काकांची नाडी ८४ कशी? उत्तर त्यांच्या पिशवीत आहे. बीपीसाठी ते घेत असलेली गोळी ॲटेनोलॉल निघाली. हे औषध हृदयाचा वेग दाबून ठेवते. ज्याची नाडी एरवी मिनिटाला साठ असते, त्याच्यासाठी ८४ ही धावतीच नाडी झाली. गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्याशिवाय हे कळले नसते.

नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले की एक साधा निर्देशांक मिळतो. १९६७ मध्ये आल्गोवर आणि बुरी यांनी तो मांडला. त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो. एकच्या जवळ गेला की धोक्याची घंटा. काकांचा संध्याकाळी ०.७८ होता. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेली ‘न्यूज’ ही आणखी एक गुणपद्धती श्वास, ऑक्सिजन, तापमान, रक्तदाब, नाडी आणि शुद्ध यांवरून किती वेळाने रुग्णाला पुन्हा तपासायचे ते सांगते. काकांचा श्वास मिनिटाला २२. बाकी सारे ठीक. त्यांचे ‘न्यूज’चे गुण फक्त ३ भरतात, म्हणजे दर चार-सहा तासांनी पाहिले तरी चालेल असा सल्ला मिळतो. ब्लॅचफर्ड मात्र ११ म्हणतो. पहिले माप या घडीची अवस्था सांगते, दुसरे पुढे काय लागू शकते ते सांगते. जे अधिक सावध करते त्याचे ऐकायचे. म्हणून सिस्टरने काकांना नर्सिंग स्टेशनसमोरच्या खाटेवर घेतले आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी-बीपी पाहायला सुरुवात केली.

आता तयारी. दोन्ही हातांना एकेक जाड सुई. जाडीचे महत्त्व आकड्यांतूनच पटते: निळ्या २२ नंबरच्या सुईतून मिनिटाला ३५ ते ४० मिलिलिटर द्रव जातो, हिरव्या १८ नंबरमधून ९० ते १०० आणि राखाडी १६ नंबरमधून जवळपास त्याच्या दुप्पट. नळीची त्रिज्या दुप्पट केली तर, तत्त्वतः, त्याच दाबाला सोळापट प्रवाह मिळतो. शिरा भरलेल्या असताना जाड सुई सहज बसते. रक्तदाब पडल्यावर त्याच शिरा सापडत नाहीत. म्हणून काका बसून बोलत असतानाच हे काम उरकायचे. त्याच टोचणीत रक्तगट आणि क्रॉसमॅचचा नमुना काढून, त्यावर नाव खाटेशीच लिहून, रक्तपेढीकडे पाठवायचा. तोंडाने काही द्यायचे नाही. उलटी आलीच तर रक्त श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून डाव्या कुशीवर वळवायचे, सक्शन चालू आहे ना ते पाहून ठेवायचे, किडनी ट्रे हाताशी ठेवायचा. काकांना संडासात एकटे जाऊ द्यायचे नाही. दुपारची घेरी तिथेच आली होती. लघवीचे मोजमाप दर तासाला: ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर व्हायला हवी.

रात्री नऊला काकांना पुन्हा काळी शौच झाली. नाडी ९६, रक्तदाब ९८/६४. निर्देशांक ०.९८. नाडी आणि रक्तदाब वेगवेगळे पाहिले तर त्यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. पण आधीचे सहा आकडे एकाखाली एक लिहिलेले होते आणि नाडीची चढण व रक्तदाबाची उतरण त्या कागदावर उघड दिसत होती. सिस्टरने डॉक्टरांना फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ असे मोघम न सांगता आकडे, वेळ, शौच, ॲटेनोलॉल आणि ब्लॅचफर्डचे ११ गुण सांगितले. डॉक्टर दहा मिनिटांत आले.

रक्त कधी चढवायचे, यावर नातेवाइकांचा आग्रह नेहमीचा: ‘सिस्टर, आणखी दोन बाटल्या लावा ना.’ बार्सिलोनाच्या सांत पाऊ रुग्णालयात विलानुएवा आणि सहकाऱ्यांनी ९२१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे उत्तर वेगळे आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात सहा आठवड्यांनी ९५ टक्के रुग्ण जिवंत होते. ९ च्या खाली गेल्यावर देणाऱ्या गटात ९१ टक्के. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जीवघेण्या वेगाने रक्त वाहणारे रुग्ण त्या अभ्यासात घेतले नव्हते, आणि हृदयरोग्यांसाठी मर्यादा थोडी वर धरतात, हे लक्षात ठेवायला हवे. रक्त द्यायचे ठरले की पिशवी आणि रुग्णाची ओळख दोघांनी मिळून पडताळायची आणि पहिली १५ मिनिटे खाटेजवळून हलायचे नाही. थंडी वाजणे, पाठ दुखणे, अंगावर पित्त उठणे ही रक्त न मानवल्याची लक्षणे बहुधा तेव्हाच दिसतात.

घाईबाबतही असाच एक अभ्यास आहे. दुर्बीण जितकी लवकर तितकी बरी, असे कोणालाही वाटेल. हाँगकाँगमध्ये जेम्स लाऊ यांच्या गटाने १२ किंवा अधिक ब्लॅचफर्ड गुण असलेल्या ५१६ रुग्णांची तुलना केली. पचनविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानंतर सहा तासांच्या आत तपासणी झालेल्यांत ३० दिवसांतले मृत्यू ८.९ टक्के, तर सहा ते चोवीस तासांत झालेल्यांत ६.६ टक्के. लवकर केल्याने फायदा दिसला नाही. म्हणून आधी सलाईन, रक्त आणि औषधांनी रुग्णाला सावरायचे आणि चोवीस तासांच्या आत दुर्बीण करायची, ही आजची रीत आहे. मधले तास शुश्रूषेचे असतात.

यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी. त्याच्या अन्ननलिकेतल्या शिरा दाबाने फुगलेल्या असतात, त्या फुटल्या तर काही मिनिटांत किडनी ट्रे भरतो. अशांना दाब कमी करणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि त्याबरोबर प्रतिजैविक सुरुवातीलाच देतात. सिस्टरला इथे शुद्धीवर लक्ष ठेवावे लागते. आतड्यातले रक्त पचताना तयार होणारा अमोनिया आजारी यकृताला पेलत नाही. रुग्ण दिवस-रात्र विसरतो, असंबद्ध बोलतो, पसरलेले हात फडफडतात. ‘रात्रभर झोपला नाही म्हणून गुंगीत आहे’ असे समजून ते सोडून देणे महागात पडते. काहीच हाती नसते तेव्हा आजही सेंगस्टाकेन-ब्लेकमोर नळी वापरतात. १९५० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तिचे फुगे शिरांना आतून दाबून धरतात. अशा रुग्णाच्या उशाशी कात्री बांधून ठेवलेली असते. नळी वर सरकून श्वास अडला, तर तिथल्या तिथे ती कापून फुगे रिकामे करायचे. कात्री शोधायला वेळ नसतो, म्हणून पाळी बदलताना ती जागेवर आहे ना हे पाहूनच ताबा घ्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी काकांची दुर्बीण झाली. जठरालगतच्या आतड्यात अल्सर, त्याच्या तळाशी उघडी पडलेली रक्तवाहिनी. एडिनबराचे जॉन फॉरेस्ट यांनी १९७४ मध्ये अशा दृश्यांची प्रतवारी केली. उपचार न केल्यास उघड्या रक्तवाहिनीच्या अल्सरमधून पुन्हा रक्त येण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के, स्वच्छ तळाच्या अल्सरमधून सुमारे ५ टक्के. काकांच्या रक्तवाहिनीला क्लिप लावली गेली. पुन्हा रक्तस्राव बहुतेक पहिल्या ७२ तासांत होतो, म्हणून तेवढा काळ आम्ल दाबणारे औषध शिरेतून चालू राहिले आणि चार्टवर ‘७२ तास’ असे लाल शाईने लिहिले गेले. तपासणी झाली म्हणजे संकट टळले, या समजातूनच देखरेख सैल पडते.

ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांतली एक बाब प्रत्येक वॉर्डाने जवळ ठेवावी अशी आहे. १९९३ च्या पाहणीत रक्तस्राव म्हणून दाखल झालेल्यांपैकी ११ टक्के रुग्ण दगावले. पण दुसऱ्याच आजारासाठी आधीपासून रुग्णालयात असताना ज्यांना रक्तस्राव झाला, त्यांच्यातले ३३ टक्के. २००७ मध्ये हेच आकडे ७ आणि २६ होते. दुसऱ्या आजारांच्या वॉर्डांत अपघात विभागाची धावपळ नसते, तक्ता भरायला कोणी सांगत नाही. हाडांच्या वॉर्डातल्या आजींची काळी शौच सर्वांत आधी दिसते ती बेडपॅन उचलणाऱ्याला. त्याने ती सिस्टरला सांगणे आणि सिस्टरने लगेच नाडीवर बोट ठेवणे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

घरच्यांसाठी कामे थोडी आहेत. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, त्यासोबत घेरी किंवा गार घाम, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्याही, एका पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरांबरोबर सिस्टरलाही दाखवा.